बीनराव

सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना बीनरावांच्या वडिलांनी छाती फुगवून सांगितलं, "पोरगं कंटेनरवर हाय."

पाहुणे चाकूरकडचे. नांदेड-लातूर रस्त्याच्या कडेला उभा जन्म काढलेली माणसं. कंटेनर काय असतो ते त्यांना रोज धुरासकट कळतं. मुलीच्या मामानं विचारलं, "किती चाकी?"

बीनराव खोटं बोलत नाहीत, हा त्यांच्यातला मोठा दोष आहे. "चाकं नाहीत. बसल्या जागेवरून चालवतो."

"मुंबईला गेलं तर किती दिवस लागतात?"

"जावं लागत नाही. तो मुंबईतच उभा असतो."

पाहुण्यांनी पुढ्यातली सुशीला संपवली (मराठवाड्याबाहेरच्यांनी दचकू नये, हा कुरमुऱ्यांचा पदार्थ आहे) आणि 'कळवतो' म्हणून उठले. दुसऱ्या स्थळाच्या वेळी बीनरावांनी शहाणपणा करून कंटेनर हा शब्दच टाळला आणि 'सर्व्हर सांभाळतो' असं सांगितलं. त्या पाहुण्यांनी जाताना हळूच चौकशी केली की हॉटेल स्वतःचं आहे की नुसतं वाढायला जातो. तिसऱ्या वेळी चुलत्यांनी सगळ्यांना गप्प बसवून 'आयटीत हाय' एवढे दोनच शब्द उच्चारले. लग्न झालं.

पाहुण्यांना हसण्यात अर्थ नाही. विष्णुपुरीच्या श्री गुरु गोविंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेत मी या माणसाबरोबर चार वर्षं काढली, गेली कित्येक वर्षं नांदेडात एका छापखान्याच्या माडीवर आमचा भागीदारीचा धंदा आहे, तरी कंटेनर म्हणजे काय हे मला तुकड्यातुकड्यानंच कळत गेलं. मी टेक्स्टाइलवाला. उस्मानशाही गिरणीच्या गावात टेक्स्टाइल शिकून आता सॉफ्टवेअरची बिलं फाडतो. कोड बीनरावांचा, उधारी माझी.

मला कळलं ते असं. वेब अ‍ॅप्लिकेशन म्हणजे नांदतं कुटुंब. त्याला राहायला वाडा लागतो. आलेल्या माणसानं कोणत्या दारानं यायचं, त्याला कोणत्या खोलीत बसवायचं, एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, काही न बोलता बसून राहिलेल्याला कधी बाहेर काढायचं, हे सगळं वाड्याकडे. जावावाले या वाड्याला कंटेनर म्हणतात. (पुढं २०१३ मध्ये डॉकर नावाचा आणखी एक निराळाच कंटेनर आला. तो यात मिसळू नका. आम्ही मिसळला होता, एक बिल अडकलं.) या वाड्यांतला सगळ्यांत वापरातला म्हणजे टॉमकॅट. सन कंपनीतल्या जेम्स डंकन डेव्हिडसननं तो लिहिला, १९९९ मध्ये तो अपाचीवाल्यांकडे गेला. स्वतःचं पोट स्वतः भरणारा प्राणी हवा म्हणून डेव्हिडसननं त्याला बोक्याचं नाव दिलं. आमच्या गल्लीतला बोकाही स्वतःचं पोट स्वतःच भरतो. फक्त पातेलं दुसऱ्याचं असतं.

आणि बीनराव हे नाव? जावात स्प्रिंग म्हणून एक पद्धत आहे. तिच्यात तयार करून सांभाळायला दिलेल्या प्रत्येक वस्तूला बीन म्हणतात आणि कोडात तिच्या डोक्यावर 'अ‍ॅट बीन' अशी चिठ्ठी लावतात. बीनराव दिवसाला पंधरा-वीस बीन लावतात. वडील अहमदपूर तालुक्यात नऊ एकर सोयाबीन लावतात. अशा घराण्याला दुसरं नाव कुठून शोधायचं? समोर मी त्याला 'तू'च म्हणतो, पण लिहिताना बीनरावांना एकेरी लिहिणं जमत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर तलाठ्याचं गांभीर्य आहे.

तलाठी हा शब्द मी उगाच वापरला नाही.

बीनरावांच्या लहानपणी शेजारच्या शेतकऱ्यानं त्यांचा बांध कोरला. एकदम नाही. दरसाल नांगरटीला एकेक तास आत. आजोबांना कळेपर्यंत अडीच गुंठे गेले होते. भांडण झालं तेव्हा शेजारी शांतपणे म्हणाला, "बांध हितंच होता की." कुणी कधी कोरला, किती कोरला, कुठंच नोंद नाही. बांधाला तोंड नसतं. बीनराव मोठे झाले, शिकले, पुण्यात नोकरीला लागले आणि पहिल्याच वर्षी त्यांना तोच बांध पुन्हा भेटला. त्याचं नाव सर्व्हर डॉट एक्सएमएल.

टॉमकॅटच्या पोटात ही फाइल असते. दार क्रमांक ८०८०, धागे इतके, वाट बघायची वेळ इतकी, असं सगळं तिच्यात. जोडीला अ‍ॅप्लिकेशनची स्वतःची वेब डॉट एक्सएमएल. कोणता पत्ता आला की कोणत्या सर्व्हलेटकडे (म्हणजे आतल्या कोणत्या कारभाऱ्याकडे) धाडायचं, ते तिच्यात. दोन्ही साध्या मजकुराच्या फाइली. सर्व्हरवर शिरलेल्या कुणालाही उघडता येतात, आकडा बदलता येतो, बंद करून घरी जाता येतं. पुण्यातल्या त्या कंपनीत (नाव त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही) कुणीतरी एका रात्री असाच एक आकडा बदलला. काम भागलं. पुढं मशीन बदललं, नव्या मशीनवर जुनी फाइल गेली आणि सगळं आडवं झालं. तीन दिवस शोध चालला. सगळ्यांचं एकच म्हणणं, 'आकडा असाच होता की.'

त्या दिवसापासून बीनरावांचा हातानं बदललेल्या आकड्यावर विश्वास नाही. जे काय असेल ते कोडात. कोड गिटमध्ये. आणि गिट म्हणजे फेरफार रजिस्टर: कुणी बदललं, कधी बदललं, आधी काय होतं, आता काय आहे. तलाठ्याच्या फेरफारात निदान चहापाण्याला वाव असतो, गिटमध्ये तोही नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. आमच्या ऑफिसात खुर्ची हलवली तरी त्यांना फेरफार हवा असतो.

सुदैवानं जगही त्यांच्याच दिशेनं निघालं होतं. २००९ च्या डिसेंबरात सर्व्हलेटची तिसरी आवृत्ती आली आणि वेब डॉट एक्सएमएलची सक्ती गेली. वाडा सुरू होताना अ‍ॅप्लिकेशनमधल्या एका ठरावीक वर्गाला हाक मारतो, 'बोला, काय काय मांडायचंय?' आणि तो वर्ग कोडातूनच सर्व्हलेट मांडतो. २०११ मध्ये स्प्रिंगनं त्याला सोपं रूप दिलं. आणि २०१४ मध्ये स्प्रिंग बूट आलं तेव्हा बीनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. मी तिथं नव्हतो. आता कुटुंब वाड्यात राहायला जात नाही, वाडाच कुटुंबाच्या बोचक्यात. टॉमकॅट अ‍ॅप्लिकेशनच्या जारमध्येच बसलेला, आणि त्याचं दार, धागे, वेळा सगळं चार ओळींच्या बीनमध्ये लिहायचं. ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरमध्ये चूल, कोंबड्या, पोरं, पाण्याची टाकी असा अख्खा संसार असतो, जिथं उतरेल तिथं कोप उभी राहते, तसं. ही उपमा माझी. बीनरावांना ती आवडली नाही. त्यांच्या आत्याचं आयुष्य त्या ट्रॅक्टरमध्ये गेलं, आणि ते म्हणाले की त्यात सोपं काही नसतं.

असा माणूस घरात कसा वागत असेल, याची कल्पना करावी. टॉमकॅटमध्ये एखादा पाहुणा तीस मिनिटं काहीच हालचाल न करता बसला तर त्याचं सत्र संपलं असं धरतात. बीनरावांचे सासरे दिवाळीत जेवून सोप्यावर टेकले, डोळा लागला. अर्ध्या तासानं उठून पाहतात तर समोरचं ताट-तांब्या गेलेलं, टीव्ही बंद, पंखा बंद, आणि जावई नव्यानं 'या, कधी आलात?' विचारायलेत. हा प्रकार बीनराव नाकारतात. वहिनी नाकारत नाहीत. घरात कुठली वस्तू कुठं ठेवायची याची त्यांनी एक फाइल केली होती, तीही गिटमध्ये. वहिनींनी साखरेचा डबा वरच्या फळीवर नेला तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "बदल कुणी केला?" वहिनी तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "ज्याला चहा पाहिजे त्यानं शोधावा." तो फेरफार अजून मंजूर व्हायचा आहे.

पण माणूस समजावून सांगू लागला की ऐकत राहावं. आमचं मोठं गिऱ्हाईक लातूरचं, ट्यूशन एरियातला एक क्लास. तिथल्या पोरांच्या सराव परीक्षा, त्यांचे निकाल, फीच्या पावत्या सगळं आमच्या अ‍ॅप्लिकेशनवर. क्लासच्या संचालकांनी एकदा विचारलं, "हे धागे दोनशे, रांग शंभर, म्हणजे नेमकं काय? मी पैसे कशाचे देऊ?"

बीनराव म्हणाले, "सर, २०१६ आठवा."

लातूरच्या माणसाला २०१६ आठवा म्हणायची गरज नसते. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते हे साल. एप्रिलात पहिली जलदूत आली ती दहा वाघिणींची, नंतर पन्नास वाघिणींची, खेपेला पंचवीस लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती.

"टाकीला नळ दोनशे," बीनराव म्हणाले. "म्हणजे एका वेळी भरणारे दोनशे. ते झाले धागे. कंपाउंडच्या आत घागर मांडून नंबर धरलेले आठ हजार एकशे ब्याण्णव. ती झाली कनेक्शनं. कंपाउंड भरलं की फाटकाबाहेर शंभर जण उभे राहू शकतात. त्यांच्याही मागं कुणी आला तर त्याला शिपाई परत पाठवतो. हे आकडे टॉमकॅटचे मूळचेच आहेत, मी फक्त कोडात लिहून ठेवलेत, कुणी हात लावू नये म्हणून."

संचालकांनी एकही प्रश्न विचारला नाही. धागे आणि रांग हे प्रकरण पुण्यामुंबईच्या लोकांना समजवायला फळा लागतो, लातुरात एक साल पुरतं.

आता निकालाच्या दिवसाकडं येतो. ऑक्टोबर. क्लासच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल संध्याकाळी चार वाजता लागणार, लातूर, नांदेड, परभणी, बीड, सगळीकडची पोरं एकदम उघडणार. आणि बीनराव गावाकडं. सोयाबीन काढून त्याची बनीम (म्हणजे गंजी) लावलेली, मळणीयंत्र मोठ्या मुश्किलीनं त्याच दिवसाचं मिळालेलं, आभाळ भरून आलेलं. "सगळं कोडात आहे," जाताना ते म्हणाले, "काही होत नाही."

चार वाजून दोन मिनिटांनी निकाल उघडेना. चार वाजून पाच मिनिटांनी संचालकांचा फोन. क्लासमध्ये एक हुशार पोरगा कॉम्प्युटर बघतो. त्यानं अ‍ॅप्लिकेशनशेजारची प्रॉपर्टीज फाइल उघडून धागे दोनशेचे आठशे केले आणि सर्व्हर बंद-चालू केला. काही फरक नाही. पुन्हा केला. तीनदा केला. त्याला वाटलं फाइल चुकीची आहे. फाइल बरोबर होती. पण बीनरावांच्या बीनमध्ये दोनशे लिहिलेले, आणि स्प्रिंग बूट आधी फाइल वाचतं, मग बीनला विचारतं, आणि बीन म्हणेल ते शेवटचं. म्हणजे पोरगा दर खेपेला आठशे लिहीत होता आणि कोड दर खेपेला मुकाट्यानं दोनशे करत होता. आकडा बदलायचा तर कोड बदला, जार नव्यानं बांधा, मुंबईच्या सर्व्हरवर चढवा. बीनरावांनी बांध असा पक्का केला होता की आता त्यांच्या स्वतःच्या माणसांनाही वाट राहिली नव्हती.

मी फोन लावला. सोळाव्या वेळेला लागला. गावात रेंज येते ती एकाच ठिकाणी, आणि त्या दिवशी ते ठिकाण बनिमीच्या शेंड्यावर होतं. बीनराव वर चढले. खाली मळणीयंत्र, त्याच्याभोवती माणसं, वडील, आणि या टोकाला नांदेडात त्यांच्या लॅपटॉपसमोर मी, टेक्स्टाइलवाला.

"तो बीन सापडला का?" बीनराव यंत्रावर आवाज चढवून ओरडले.

"कुठला बीन? हितं चाळीस आहेत."

खालून वडिलांचा आवाज ऐकू आला, "चाळीस कुठं, छत्तीस कट्टे हुतील! खाली उतर, आभाळ आलंय!"

"टॉमकॅटचा बीन! दोनशेचे आठशे कर!"

"आठशे?" वडील कुणाला तरी म्हणाले, "याला भाव कुणी सांगितला?"

मी आठशे केले. अर्धविराम विसरलो, जार बांधली जाईना. जावात वाक्य संपलं की अर्धविराम द्यायचा, हे मला विष्णुपुरीतही पटलं नव्हतं. दिला. जार बांधली, चढवली. चार वाजून चाळीस मिनिटं. निकाल अजून बंदच. उलट आणखी जड.

"लॉगची शेवटची ओळ वाच."

लॉग मी वाचत नाही. डॉक्टरांचा रिपोर्ट कुणी स्वतः वाचतं का? पण वाचला. तीस सेकंद वाट बघूनही हिकारीकडून कनेक्शन मिळालं नाही, अशा अर्थाच्या शेकडो ओळी.

बनिमीवर शांतता पसरली. यंत्राची घरघर तेवढी. मग बीनराव अगदी हळू म्हणाले, "अरे, पातेली दहाच आहेत."

हिकारी म्हणजे डेटाबेसला जाणाऱ्या वाटांचा साठा. जपानी भाषेत हिकारी म्हणजे उजेड, आणि उजेड तेव्हाच पडला. आपण काही सांगितलं नाही तर हिकारी वाटा दहाच ठेवते. पंगतीला वाढपी दोनशे, आत भाताची पातेली दहा. मी वाढपी आठशे केले. पातेल्याभोवती चेंगराचेंगरी वाढली, पान मात्र रिकामं. वाड्याचा एकूण एक आकडा बीनरावांनी कोडात लिहिला होता. दार, धागे, रांग, वेळा, सगळ्यांवर त्यांचं नाव, तारीख, कारण. हा एकच आकडा कुणीच कधी लिहिला नव्हता. त्याचा फेरफार नाही, सातबारा नाही. ते गायरान राहिलं होतं.

"आठशे पातेली करू का?" मी विचारलं.

"डेटाबेस पोस्टग्रेस आहे, तो शंभराच्या वर हात वर करतो. चाळीस कर. आणि धागे परत दोनशे. नवीन बीन टाक."

"कुठं टाकू बीन?"

"ताडपत्रीवर!" खालून वडील ओरडले, कारण थेंब पडायला लागले होते. "सगळं बीन ताडपत्रीवर टाका म्हणून सांग त्याला!"

मी लिहीत गेलो, बीनराव भिजत सांगत गेले. त्यांच्या सांगण्यात एक कंस उघडला तो बंद व्हायच्या आधी रेंज गेली. दुसऱ्या कडेला सरकले, परत आली, कंस बंद झाला. पाच वाजून दहा मिनिटांनी परभणीच्या एका पोरीला तिचा निकाल दिसला. मग सगळ्यांना दिसला. तोवर बनीम एका बाजूनं खचली होती आणि बीनराव तिच्यासकट खाली आले होते. मोबाइलसह.

छत्तीसातले नऊ कट्टे भिजले. लातूरच्या आडतीत ओलावा बाराच्या वर निघाला. आडत्यानं मूठभर दाणे दातांखाली धरले, यंत्राकडं पाहिलं, आणि भाव हातानंच कमी करून पट्टी फाडली. बीनरावांनी विचारलं, हा आकडा कुठून आला. आडत्या म्हणाला, "आसंच असतंय."

त्या दिवसाच्या गिटच्या नोंदीत मी लिहिलेला बदल अजून आहे, माझ्या नावानं नव्हे, त्यांच्या, कारण लॅपटॉप त्यांचा. कारणाच्या रकान्यात मी घाईत 'पातेली वाढवली' असं लिहिलं. बीनराव ते पुसणार होते. गिटमधली नोंद पुसायची नसते, हे मी त्यांना त्यांच्याच आवाजात सांगितलं. आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले.

गावात मात्र वडिलांनी गोष्ट आपल्या पद्धतीनं सांगितली: भर पावसात पोरानं कंटेनर वाचवला. गेल्या सोमवारी वडिलांची चिठ्ठी घेऊन एक दणकट पोरगा आमच्या माडीवर आला. नात्यातला. खिशात जड वाहनाचं लायसन, बॅज, दोन फोटो.

"मामा म्हणलेत," त्यानं बीनरावांना नमस्कार केला, "तुमच्याकडं कंटेनरवर जागा हाय म्हणून."

बीनरावांनी लायसन उलटसुलट पाहिलं. खरं बोलायची सवय. "जागा आहे," ते म्हणाले. "रात्रपाळी आहे. नुसतं बघत बसायचं, कशाला हात लावायचा नाही."

पोराला पटलं. नवीन माणसाला आधी क्लीनरच ठेवतात. त्यानं माडीच्या खिडकीतून खाली वाकून रस्ता पाहिला, दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि विचारलं, "गाडी कुठं लावलीया?"